कडुबाची जागा

"एवढंच?"

कडुबाच्या तोंडून शब्द निसटला, आणि निसटल्याबरोबर त्याला कळलं, की आता तो परत घेता येणार नाही...

सायली आईच्या फोटोसमोर उभी होती. हातात मोबाईल, मोबाईलवर पुण्याच्या कंपनीचं पत्र. इंजिनिअरिंगचा निकाल लागून पुरता महिनाही झाला नव्हता, आणि पोरीनं कुणाच्या चिठ्ठीशिवाय, कुणाच्या ओळखीशिवाय नोकरी मिळवली होती! घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं हातपाय धुतले, फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि आईला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं ते पत्र वाचून दाखवलं. शेवटी पगाराचा आकडा आला. महिन्याला बावीस हजार. कापून हातात येणार वीसच्या आसपास. आकडा वाचून ती वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तिची आई रत्नमाला गेल्यापासून या घरात कुणी पाहिलं नव्हतं. हसू होतं ते...

आणि त्या हसण्यावर बापानं शब्द टाकला, "एवढंच?"

कडुबाची थोरली बहीण दगडाबाई अजिंठ्याहून चार दिवस राहायला आली होती. ती भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिनं सावरून घ्यायचा प्रयत्न केला.

"सायले, बापाच्या तोंडाकडं नको बघू, माय. आमच्या आधीची लेकरं जगली नाईत म्हणून माझं नाव दगडी ठिवलं आन ह्याचं कडू. मी दगडावानी टिकले, आन ह्यो नावावर गेला. गोड बोल ह्याला कुठून येणार!"

सायली हसली नाही. मोबाईल ओढणीच्या टोकानं पुसत ती म्हणाली, "पप्पा, सुरुवात आहे ही."

"खोलीचं भाडं?"

"तिघीजणी मिळून राहणार. मैत्रिणी आहेत."

"मेस?"

"द्यावी लागेल."

"मग उरलं काय?"

"पहिल्या वर्षी उरवायचं नाहीये, पप्पा, शिकायचंय. ते लोक साचे डिझाईन करतात. मोठ्या गाड्यांच्या पार्टचे साचे. मला पहिल्या दिवसापासून डिझाईनला बसवणार आहेत. नव्या माणसाला असं काम कुणी देत नाही. माझ्या वर्गातली पोरं अजून कॉल सेंटरला फोन उचलतायत..."

"काम काय शिजवून खायचंय?"

"महिनाअखेरपर्यंत कळवायचंय," एवढंच बोलून ती आत गेली. ओट्याजवळ भांड्यांचा आवाज झाला आणि मग तोही थांबला.

कडुबा चितेगावच्या कारखान्यात परमनंट कामगार होता. मिसरूड फुटल्यापासून त्यानं तिथं मशीन चालवली. महिन्याला त्याच्या हातात जे पडे, त्याच्या निम्मंही लेकीच्या पत्रात नव्हतं. दहावी नापास बापाला जास्त, आणि इंजिनिअर लेकीला कमी! हे त्याच्या डोक्यात बसेना. आपल्याला राग पगाराचाच आला आहे, अशी त्याची स्वतःचीही समजूत होती. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं आकडा आला नाही; कुलूप आलं. पाळीवरून घरी यायचं, खिशातून किल्ली काढायची, आणि आपणच आपल्या घराचं कुलूप उघडायचं... रत्नमाला असताना त्याच्या खिशात कधी घराची किल्लीच नव्हती!

रत्नमाला छावणी भागातल्या या दोन खोल्यांत डबे करायची. कॉलेजची पोरं, रुग्णालयातल्या शिकाऊ नर्सा, एकटे राहणारे कारकून, सगळ्यांना तिच्या हातची भाकरी जायची. ओट्यापुढं उभं राहून तिच्या पायांच्या शिरा निळ्या झाल्या होत्या. सायलीची फी त्या डब्यांवर भरली गेली. कडुबाचा पगार घराच्या हप्त्यात आणि पुढं पुढं तिच्या औषधांत जाई. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं ती पौषात गेली. घाटीच्या सरकारी रुग्णालयात खाटेवर पडून तिनं कडुबाचा हात धरून सांगितलं होतं, "मी जन्मभर उभी राहिले. तुम्ही मशीनपुढं उभे राहिलात. माझ्या पोरीला उभ्यानं काम करू देऊ नका. माझी पोर बसून काम करील."

कडुबानं मान हलवली होती. ती गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. जलदान विधीच्या दिवशीही आलं नाही. लोक म्हणाले, छातीचा घट्ट माणूस आहे. घट्ट कसला... आत काहीतरी अडकून बसलं होतं, ते ना वर येत होतं ना खाली जात होतं.

त्या दिवसांत गल्लीतल्या बायका जेवण आणून देत. शेजारच्या भामाबाईचं पातेलं कडुबानं स्वतः घासलं, पुसलं आणि चकचकीत करून तिच्या दारात नेलं. भामाबाईचा हात पुढं आला आणि जागीच थांबला. तेवढ्यात सायली पळत आली. तिनं मुठीतली साखर त्या पातेल्यात टाकली आणि म्हणाली, "मावशी, त्यांना माहीत नाही."

घरी आल्यावर तिनं बापाला समजावलं, "कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, पप्पा. चिमूटभर का होईना, काहीतरी घालून द्यायचं. आई कधीच रिकामं द्यायची नाही."

एवढी वर्षं संसार केला, आणि हे कडुबाला ठाऊकच नव्हतं. असं किती काय ठाऊक नव्हतं! तिखटाचा डबा कुठला, दूधवाला कधी येतो, गॅस कुणाच्या नावावर आहे... सगळं ती घेऊन गेली होती, आणि उरलेलं लेक सांभाळत होती. ती लेकही आता पुण्याला जाणार म्हणत होती!

कारखान्याच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बन्सी बसे. दोघं एकाच वर्षी लागलेले. त्याचं तोंड पाहून बन्सी म्हणाला, "काय रे, रॉकेल पिल्यावानी तोंड कामून केलं?"

कडुबानं सांगितलं.

"बावीस हजार? पुण्यात?" बन्सीनं कपाळावर हात मारला. "आरं, तिथं चहाच्या टपरीवाला जास्त कमावतो! आन तू येडा हायेस का? घरात विहीर असून पोरगी पाणी विकत आणायला निघाली. तुपली जागा दे की तिला!"

कारखान्यात ती रीत होती. युनियननं जुन्या करारात भांडून मिळवलेली. परमनंट माणसानं मुदतीआधी व्हीआरएस घेतली, तर त्याच्या एका लेकराला आत घेत. आधी ट्रेनी, मग तीन वर्षांनी कायम. कितीतरी जणांनी पोरांसाठी असा राजीनामा दिला होता, आणि ज्यांनी दिला त्यांच्याकडं गल्लीत मानानं बघत. बापानं आपली जागा लेकराला दिली... याच्याहून मोठं देणं तिथं कुणाला माहीत नव्हतं.

"पण ती मशीनवर उभी राहणार?" कडुबाच्या मनात रत्नमालाचा शब्द टोचला.

"इंजिनेर हाय ती. दोन वर्षांत सायेब लोक ऑफिसात उचलतील. लिहून घे माझ्याकडून. आन घरात राहील, डोळ्यापुढं राहील. तुला कोण हाय दुसरं?"

शेवटचं वाक्य नको तिथं जाऊन लागलं. कडुबानं खिडकीबाहेर पाहिलं. पैठण रस्त्याची झाडं मागं जात होती. त्यानं मनाशी म्हटलं, हे मी तिच्यासाठी करतोय. तिच्या भल्यासाठी. आणि त्यानं ते इतक्यांदा म्हटलं, की त्याला ते खरं वाटू लागलं...

चार दिवसांनी तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. दगडाबाईला पेढा दिला, फोटोपुढं ठेवला, आणि सायलीच्या हातावर ठेवत म्हणाला, "तुझी नोकरी पक्की झाली, माय! इथंच. चितेगावला. मी माझी जागा तुला दिली."

सायलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. पेढा तिच्या हातात तसाच राहिला.

"सही केली तुम्ही?"

"केली."

"पप्पा... मला एकदा विचारलं असतं..."

"विचारायचं काय त्यात? बाप लेकराला देतो तेव्हा विचारून देतो व्हय?" कडुबा हसला. त्या दिवशी तो खरंच मोकळेपणानं हसला. "तीन वर्षांत कायम होशील. मग बघ, पुण्याच्या त्या लोकांपेक्षा जास्त पगार घेशील. आन घरचं जेवण, घरची झोप. भाडं नाय, मेस नाय."

सायली बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी ते तोंड उजळलेलं होतं. पेढ्याचा तुकडा मोडून तिनं आधी बापाच्या तोंडात घातला.

"गोड आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई गावी निघताना बस येईपर्यंत ती भावाकडं पाहत राहिली, आणि चढता चढता म्हणाली, "कडू, बाप्पा, पोरीनं पेढा खाल्लाच नाय रे. तू बघितलं का?"

कडुबानं बघितलं नव्हतं.

महिनाअखेर आली आणि गेली. सायलीनं पुण्याला काय कळवलं, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ती कारखान्याच्या बसनं जाऊ लागली. बापाच्याच सीटवर बसून, बन्सीच्या शेजारी. पहिल्या दिवशी कडुबा नाक्यापर्यंत पोचवायला गेला होता. निळ्या गणवेशातली लेक बसमध्ये चढली तेव्हा त्याला वाटलं, रत्ना असती तर... आणि पुढचं त्याच्या मनात आलंच नाही. रत्ना असती तर काय म्हणाली असती, तिथं त्याचं मन वळलं आणि दुसऱ्याच वाटेनं गेलं.

दिवस जाऊ लागले. घरात दोन माणसं होती, दिवा लागत होता, किल्ली खिशात ठेवावी लागत नव्हती. सायली पाळीवरून येई, स्वयंपाक करी, बापाला वाढी. बोले, हसे. पण तिच्या अंगाला आता मशीनच्या तेलाचा वास येई. साबणानं जात नाही तो. कडुबाला ठाऊक होतं. त्या वासावरून रत्नमाला त्याला म्हणायची, "आंधळी झाले तरी तुम्ही आलेलं मला कळेल." आता तोच वास लेकीच्या अंगातून येऊ लागला, आणि तो तिच्या जवळून उठून उगाच दारात जाऊन उभा राही. लॅपटॉप कपाटावर गेला होता. त्यावर धूळ बसलेली त्यानं एकदा बोटानं पुसली. दुसऱ्या आठवड्यात धूळ पुन्हा बसली.

दसऱ्याच्या सुमाराला फंडाच्या कामासाठी त्याला कारखान्यात बोलावणं आलं. काम उरकल्यावर बन्सीनं त्याला जबरदस्तीनं आत ओढलं.

"चल, तुझी पोरगी दाखवतो. हुबेहूब तू! तोच हात, तीच मान!"

काचेच्या पलीकडं सायली उभी होती. त्याच्याच मशीनवर. डाव्या हातानं पार्ट उचलायचा, बसवायचा, उजव्यानं बटण दाबायचं, काढायचा, चिंधीनं पुसायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. पुन्हा उचलायचा... मधेच वजन या पायावरून त्या पायावर टाकायचं, कमरेला हात लावायचा. हे सगळं कडुबाचं होतं! त्याच्या शरीरानं साऱ्या आयुष्यात जे जे केलं, ते लेकीचं शरीर या थोड्या महिन्यांत शिकलं होतं.

पाच मिनिटांची सुट्टी झाली, मशीन थांबल्या आणि पलीकडचं बोलणं ऐकू येऊ लागलं. बाकीच्या बाया पाण्याकडं गेल्या. सायलीनं खोक्याचा एक पुठ्ठा उलटा केला आणि पेन्सिलीनं त्यावर काहीतरी काढू लागली. रेघा, माप, पुन्हा रेघा. तिचा चेहरा बदलला होता. आईच्या फोटोसमोर वळून हसली होती ना... तसा झाला होता. तेवढ्यात लाईनचा सुपरवायझर आला. त्यानं पुठ्ठ्याकडं पाहिलं आणि हसून म्हणाला, "ताई, इथं डोकं नका लावू. हात लावा."

तो काही वाईट माणूस नव्हता. हेच वाक्य कुणीतरी कधीतरी कडुबालाही म्हटलं होतं, आणि कडुबानं ते मान खाली घालून ऐकलं होतं. सायलीनंही मान खाली घातली. पुठ्ठा दुमडला, खोक्यात टाकला, आणि ती पुन्हा मशीनपुढं उभी राहिली...

"माझ्या पोरीला उभ्यानं काम करू देऊ नका."

कडुबानं काचेवरून नजर काढली आणि तो दाराकडं वळला.

"काय झालं रं?" बन्सी म्हणाला.

"काय नाय. उन्हातून आलो ना."

त्या संध्याकाळी सायली घरी आली, तर ओट्यावर पीठ सांडलेलं, खोली धुरानं भरलेली, आणि बाप परातीपुढं उभा. हाताला कोपरापर्यंत पीठ.

"पप्पा! हे काय करताय?"

"भाकर."

तव्यावर भाकरीच्या नावाखाली जे होतं त्याला तीन कोपरे होते, आणि तिन्ही जळाले होते. सायली पुढं झाली. त्यानं तिला हातानं अडवलं.

"तू बस."

"अहो, मी करते..."

"बस म्हणतो ना! खुर्चीवर बस. आज मी उभा राहतो."

त्याच्या आवाजात असं काही होतं, की ती बसली. कडुबानं गॅस बंद केला. तिच्याकडं पाठ करूनच त्यानं विचारलं, "पुण्याला तू काय कळवलं होतं?"

"जाऊ द्या ना आता..."

"सांग."

"येऊ शकत नाही, असं कळवलं."

"कामून? 'पप्पा, मला तुमची जागा नको' असं माझ्या तोंडावर म्हणायचं होतं! भांडायचं होतं! तू भांडली कामून नाहीस?"

सायलीचा बांध फुटला.

"कसं भांडू? आईनं माझ्याकडून शब्द घेतला होता! घाटीत... तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात. ती म्हणाली, तुझ्या बापाला एकटं टाकू नको. तो मागून खाणारा माणूस नाही, कुणी वाढलं नाही तर उपाशी झोपेल आणि सांगणारही नाही. मी हो म्हणाले, पप्पा! त्या पत्राचा दिवस आला तेव्हा मी स्वतःला खूप समजावलं, की दर शनिवारी येईन, भामामावशींना सांगून ठेवीन... पण तुम्ही 'एवढंच' म्हणालात, आणि मला वाटलं, आईच बोलली, एवढाच का तुझा शब्द. आणि मग तुम्ही पेढे घेऊन आलात. किती दिवसांनी हसला होतात तुम्ही! तुमच्या हसण्यावर मी पाणी टाकू?"

कडुबा भिंतीला धरून खाली बसला. एका खाटेवर पडून त्या बाईनं दोघांकडूनही शब्द घेतला होता! त्याच्याकडं लेकीला सोपवलं, लेकीकडं त्याला. दोघांनीही ती गोष्ट मनात जपली, आणि दोघांच्या जपण्यात लेकीचा जन्म मशीनपुढं उभा राहिला...

"मला तिनं काय सांगितलं होतं, माहितीये?" तो म्हणाला. "माझी पोर बसून काम करील, असं. आन मी मान हलवली होती. मला पगार कमी वाटला नव्हता, सायले. मला घर मोठं वाटलं होतं. एकट्याला दोन खोल्या लई मोठ्या होतात, माय... मी तुला जागा दिली नाय. मी तुला धरून ठेवलं!"

"असं बोलू नका, पप्पा."

"बोलू दे. तुझ्या आईला दिलेला माझा शब्द मोडला. आता तू तुझा मोड. मी उपाशी झोपणार नाय. ही बघ भाकर." त्यानं तव्यावरचा तो काळा तिकोना उचलला, तुकडा मोडला आणि कचाकचा चावला. "चांगली झालीये!"

डोळे पुसता पुसता सायलीला हसू फुटलं. तिनंही एक तुकडा घेतला. तो इतका कडू होता, की तिनं तो डोळे मिटून गिळला.

"नावावर गेलीये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याला फोन लावला. कडुबा समोर बसून होता, जणू डॉक्टर काय सांगतो ते ऐकायला बसला होता. ती जागा केव्हाच भरली होती. बोलणं लांबत गेलं. शेवटी सायलीनं फोन खाली ठेवला.

"दिवाळीनंतर एक मुलगी सोडून जाणार आहे. तिच्या जागी घेतील. पण आता आधी सहा महिने ट्रेनी म्हणून." ती अडखळली. "अठरा हजार म्हणतायत, पप्पा."

आधीचे बावीस, आता अठरा. मधले चार कुठं गेले, हे कडुबाला ठाऊक होतं. त्याच्या एका शब्दात गेले होते.

"पुष्कळ आहेत, माय..." तो म्हणाला. "पुष्कळ आहेत!"

सायलीनं चितेगावची जागा सोडली. एकदा सोडलेली जागा परत मिळत नसे. तसं तिथल्या साहेबांनी दोनदा बजावलं. म्हणजे कडुबाची जागा आता कुणाचीच राहिली नव्हती. बापाचीही नाही, लेकीचीही नाही. बन्सी तर चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दारात येऊन ओरडला, "त्या जागेसाठी लोक पाया पडतात, आन तू नाल्यात टाकली! आता खाणार काय?"

"भाकर," कडुबा म्हणाला. "बस. तुला पण वाढतो."

बन्सी बसला. एक घास खाऊन त्यानं भाकरी हातात उलटीसुलटी केली. "ही भाकर हाय का ब्रेकचं लायनर?" आणि मग सगळी संपवून, हात धुता धुता म्हणाला, "उद्यापासून मला एक डबा लाव. बायको माहेरी गेलीये."

त्याची बायको माहेरी गेली नव्हती. कडुबाला ते ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी सायलीला बसमध्ये बसवायला कडुबा पुण्याच्या बस थांबत त्या बाबा पेट्रोल पंपापाशी गेला. त्यानं रत्नमालाचा तीन कप्प्यांचा डबा भरून आणला होता, झाकणावर तिचं नाव कोरलेला. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भाकरीला आता फक्त दोनच कोपरे राहिले होते.

"पप्पा, हा डबा आईचा... तुम्हाला लागेल."

"घेऊन जा. परत करशीलच की कधीतरी."

बस सुटली. खिडकीतला हात दिसेनासा झाला, तरी तो उभा होता. मग चालत घरी आला, खिशातून किल्ली काढली, आणि आपणच आपल्या घराचं कुलूप उघडलं.

ज्याची त्याला सगळ्यात जास्त भीती होती, ते हेच होतं. ते झालं. आत अंधार होता. त्यानं दिवा लावला आणि उद्याच्या भाकरीसाठी परात धुवायला घेतली.

पौष आला. रत्नमालाला जाऊन वर्ष होत होतं. सायलीचा फोन आला. ट्रेनीला सुट्टी मिळत नव्हती. ती फोनवर रडली. कडुबानं समजूत घातली, "आईनं काम सोडून कधी कुणाचं वर्ष केलं होतं? तू बस तुझ्या कामाला." फोन ठेवता ठेवता त्यानं हळूच विचारलं, "बसूनच करतेस ना?"

"बसूनच, पप्पा," ती म्हणाली. "दिवसभर बसून पाठ दुखते."

"दुखू दे," तो म्हणाला. "दुखू दे, माय."

वर्षाच्या दिवशी दोन-चार माणसं आली, वंदना झाली, खीर वाटली, माणसं गेली. संध्याकाळी भामाबाई दारात आली. ती लेकीकडं पिंपरीला गेली होती, दुपारीच परतली होती. तिच्या हातात एक पिशवी होती.

"सायली भेटायला आली होती तिथं. बारीक झालीये, पण तोंडावर तेज आहे हो पोरीच्या. हे तुमच्यासाठी दिलंय."

पिशवीत रत्नमालाचा डबा होता. उचलला तर जड लागला. कडुबानं तो फोटोसमोर ठेवला आणि झाकण काढलं.

साखर होती. काठोकाठ भरलेली, पांढरी. दुसरा कप्पा उघडला. त्यातही साखर. तिसऱ्यातही. पहिल्या पगाराची साखर आईच्या डब्यात भरून लेकीनं घरी पाठवली होती. त्यात चिठ्ठी नव्हती, दुसरं काही नव्हतं. लागतही नव्हतं.

"भामाबाई," तो म्हणाला, "भांडं रिकामं नाय आलं..."

वर्षभर छातीत अडकून बसलेलं ते हललं. भामाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हळूच दार लोटून निघून गेली. साखरेनं भरलेल्या त्या डब्यावर, झाकणावरच्या त्या नावावर हात ठेवून, कडुबा आपल्या बायकोसाठी पहिल्यांदा रडला... लहान लेकरागत, मोठ्यानं, त्या दोन खोल्या भरून जातील एवढा रडला.

मग त्यानं तोंड धुतलं. साखरेची चिमूट फोटोपुढं ठेवली, आणि चिमटीत उरलेली आपल्या जिभेवर.